बाल संरक्षण कर्मचाऱ्यांना शिकवणारे प्रशिक्षक कसे घडवावेत?

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय देणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे आलेला सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती पाहून लिहिलेला अहवाल, चार ओळींचा असला, तर त्या मुलाच्या पुढच्या कित्येक वर्षांचा निर्णय त्या चार ओळींवर होतो. हा अहवाल लिहिणारा सामाजिक कार्यकर्ता आळशी असतो असे नाही. बहुतेक वेळा त्याला अहवाल लिहायला कोणी शिकवलेलेच नसते. त्याला कायद्याची कलमे सांगितलेली असतात, नमुना दाखवलेला असतो आणि ‘सविस्तर लिहा’ अशी सूचनाही दिलेली असते, परंतु सविस्तर म्हणजे काय, हे त्याच्या शेजारी बसून त्याच्याच अहवालावर बोट ठेवून दाखवणारे माणूस त्याला भेटलेले नसते. असे माणूस तयार करणे, म्हणजेच प्रशिक्षकांना प्रशिक्षण देणे, हा या लेखाचा विषय आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते व क्षेत्रीय कार्यकर्ते, बालगृहांचे अधीक्षक आणि काळजीवाहक, तसेच १०९८ या हेल्पलाइनवर फोन घेणारे कर्मचारी यांना जे लोक शिकवणार आहेत, त्यांची तयारी कशी करून घ्यावी, हे मी येथे महाराष्ट्रातील कामाच्या संदर्भात क्रमाने मांडत आहे.

माझी स्वतःची सुरुवात चुकीची होती. पहिल्या काही प्रशिक्षणांत मी संपूर्ण दिवस बाल न्याय अधिनियमाची कलमे समजावून सांगत असे. अशाच एका प्रशिक्षणात दुपारी एका समुपदेशक ताईंनी विचारले, “मॅडम, मूल काहीच बोलत नाही तेव्हा आपण किती वेळ गप्प बसायचं?” माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे हा प्रश्न हाताळता येईल असे एकही सत्र माझ्या वेळापत्रकात नव्हते. कर्मचाऱ्यांना रोज ज्या ठिकाणी अडायला होते, ते ठिकाण सोडून मी इतर सगळे शिकवत होते. तेव्हापासून प्रशिक्षक निवडताना आणि घडवताना मी एकच गोष्ट सर्वांत वर ठेवते: त्याला दुसऱ्याचे काम नीट पाहता आले पाहिजे आणि जे पाहिले ते त्या माणसाला उपयोगी पडेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. उत्तम बोलणे ही त्यानंतरची गोष्ट आहे.

पहिला टप्पा: माणसे निवडणे

प्रशिक्षक म्हणून नावे मागवणारे पत्र जिल्ह्यांना गेले की वरिष्ठतेनुसार किंवा त्या आठवड्यात मोकळे कोण आहे यानुसार नावे येतात. हे टाळण्यासाठी पत्रातच निकष लिहावेत. संबंधित व्यक्तीने किमान दोन वर्षे प्रत्यक्ष मुलांसोबत काम केलेले असावे, तिने स्वतः अहवाल लिहिलेले असावेत आणि पुढील वर्षभरात किमान चार प्रशिक्षणे घेण्याची मुभा तिच्या कार्यालयाने लेखी दिलेली असावी. या तिसऱ्या अटीकडे बहुधा दुर्लक्ष होते आणि मग पाच दिवस शिकून गेलेला माणूस पुन्हा कधीच प्रशिक्षणाला उभा राहत नाही.

नावे आल्यानंतर प्रत्येकाला अर्धा तास भेटावे. या भेटीत भाषण करायला सांगू नये. दोन सहकाऱ्यांनी पाच मिनिटांचा एक प्रसंग करून दाखवावा, ज्यात कार्यकर्ता एका मुलाशी बोलत आहे, आणि उमेदवाराला फक्त एवढेच विचारावे की तुम्ही काय पाहिले. जो लगेच “असे बोलायला नको होते” असे म्हणतो, त्याला बरेच शिकवावे लागते. “तिने आजीचे नाव घेतले तेव्हा मुलाने पाय आत ओढून घेतले” असे जो सांगतो, तो प्रशिक्षक होण्याच्या अर्ध्या वाटेवर आधीच आलेला असतो.

महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यातून दोघे घेतले तर ७२ जण होतात, म्हणजे २४ जणांच्या तीन तुकड्या. एका तुकडीत २४ पेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, कारण प्रत्येकाला उभे राहून शिकवण्याचा सराव मिळाला पाहिजे आणि त्या सरावाला वेळ लागतो. जिल्ह्यातून दोघे निवडताना जोडी विचारपूर्वक लावावी: एकाची बाजू कायद्याची असेल तर दुसऱ्याची समुपदेशनाची किंवा क्षेत्रकामाची असावी. समितीचे सदस्य घ्यायचे असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कायद्यानुसार समितीने महिन्यातून किमान २० दिवस बसायचे असते. एका समितीचे तीन सदस्य एकाच वेळी प्रशिक्षणाला बोलावले तर तेथील मुलांच्या सुनावण्या खोळंबतात.

बालगृहात वाढलेल्या आणि आता स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या तरुण-तरुणींनाही प्रशिक्षक म्हणून तयार करावे, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यांना ‘आपली कहाणी सांगा’ म्हणून व्यासपीठावर बसवू नये. त्यांनी इतरांप्रमाणे सत्रे घ्यावीत, इतरांप्रमाणेच मानधन घ्यावे आणि स्वतःच्या आयुष्यातील काय सांगायचे किंवा काहीच सांगायचे नाही, हे त्यांनी स्वतः ठरवावे.

दुसरा टप्पा: आधी फाइली वाचणे

प्रशिक्षणाचा आराखडा कार्यालयात बसून लिहू नये. निवडलेल्या प्रत्येक प्रशिक्षकाने येण्यापूर्वी आपल्या जिल्ह्यातील, संबंधित अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊन, दहा सामाजिक तपासणी अहवाल आणि पाच वैयक्तिक काळजी आराखडे वाचावेत. वाचताना एका वहीत फक्त तीन नोंदी कराव्यात: कोणती माहिती प्रत्यक्ष पाहून लिहिलेली दिसते, कोणती ऐकीव आहे आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे कोठे आले आहे. तिसरा रकाना बहुतेकदा रिकामा राहतो. मुलाचे मत विचारात घेणे हे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मधील मूलभूत तत्त्वांपैकी एक आहे आणि त्या तत्त्वांवर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा हा रिकामा रकाना पाहिल्यावर ते अधिक लवकर समजते.

या फाइली प्रशिक्षणस्थळी आणायच्या नसतात. त्यांतून गोळा केलेल्या अनुभवाच्या आधारे प्रमुख प्रशिक्षकाने काल्पनिक प्रकरणे रचावीत. नाव, गाव, शाळा, आईवडिलांचा व्यवसाय, कुटुंबातील माणसांची संख्या हे सर्व बदलावे. केवळ नाव खोडून छायाप्रत वाटणे पुरेसे नाही, कारण तालुक्याचे नाव आणि घटनेचा महिना एवढ्यावरून त्याच जिल्ह्यातील माणूस मूल ओळखतो. बालकाची ओळख उघड करण्यास अधिनियमाचे कलम ७४ मनाई करते आणि लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियमातही, म्हणजे ज्याला आपण पोक्सो म्हणतो त्यातही, तशीच तरतूद आहे. प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी ही शिस्त पाळून दाखवली नाही, तर त्याने गोपनीयतेवर घेतलेले सत्र कोणी मनावर घेत नाही.

तिसरा टप्पा: पाच दिवसांची आखणी

आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली झिरपत जाते. पुण्यात पाच दिवस, विभागीय पातळीवर तीन, जिल्ह्यात एक आणि तालुक्यात जेमतेम दोन तास, अशी ती उतरण असते. वेळ कमी होत जातो तसा सर्वांत आधी सराव कापला जातो आणि व्याख्यान तेवढे उरते. म्हणून आराखडा करतानाच ठरवून टाकावे की एकच सत्र घ्यायला मिळाले तर कोणते घ्यायचे. माझ्या मते ते अडीच तासांचे सत्र असावे, ज्यात एक अहवाल सर्वांनी मिळून वाचायचा, त्यातील उणिवा शोधायच्या आणि त्यातील एक परिच्छेद प्रत्येकाने पुन्हा लिहायचा. प्रत्येक प्रशिक्षकाला हे सत्र कागद न पाहता घेता आले पाहिजे.

पाच दिवसांपैकी पहिला दिवस अहवालाला, दुसरा मुलाशी बोलण्याला, तिसरा कायदा आणि योजनांना द्यावा. चौथा दिवस आणि पाचव्या दिवसाची दुपारपर्यंतची वेळ पूर्णपणे सराव-अध्यापनासाठी राखावी. उद्घाटन पंधरा मिनिटांत आटोपावे, आणि पाहुण्यांना बोलवायचेच असेल तर शेवटच्या दिवशी बोलवावे. मार्च अखेरीस, आचारसंहितेच्या काळात किंवा शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात तारखा धरू नयेत. खोलीत खुर्च्या हलवता येतील याची आधी खात्री करावी. सभागृहातील जमिनीला जखडलेल्या बाकांवर हे प्रशिक्षण होत नाही.

येथे एक अडचण सुरुवातीपासून ओळखून ठेवावी. प्रशिक्षणार्थी एकाच वेळी दोन गोष्टी शिकत असतात: अहवाल कसा लिहावा हे, आणि अहवाल लिहायला कसे शिकवावे हेही. हे दोन धागे एकमेकांत गुंततात. त्यावर साधा उपाय आहे. प्रत्येकाने वहीच्या डाव्या पानावर विषयाच्या नोंदी कराव्यात आणि उजव्या पानावर सत्र कसे घेतले गेले याच्या, म्हणजे सूचना कोणत्या शब्दांत दिली, गट कसे पाडले, कोण गप्प होते, प्रशिक्षकाने त्यावर काय केले. प्रत्येक सत्रानंतर दहा मिनिटे फक्त उजव्या पानावर बोलावे. त्यात माझ्या सत्रातील चुका निघाल्या तर त्या फळ्यावर लिहिल्या जातात. प्रमुख प्रशिक्षक चूक कशी स्वीकारतो, हे तेथे आपोआप शिकवले जाते.

अहवाल शिकवण्याचे सत्र

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३६ नुसार सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हायची असते, जेणेकरून मूल पहिल्यांदा समितीपुढे आल्यापासून चार महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता यावा. ही मुदत सर्वांना पाठ असते. त्या १५ दिवसांत काय पाहायचे, हे मात्र शिकवावे लागते.

सत्रासाठी मी वापरते ते एक काल्पनिक प्रकरण असे आहे. अकरा वर्षांची मुलगी, आईवडील ऊसतोडीला जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळी निघाली की मुलगी आजीकडे गावी राहते. शिक्षकांनी कळवले की ती तीन आठवडे शाळेत आलेली नाही. कार्यकर्त्याने दिलेला अहवाल असा: “घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे. आजी वृद्ध असून सांभाळ करण्यास असमर्थ आहे. सबब बालिकेस बालगृहात दाखल करणे योग्य राहील.”

गटाला प्रथम एवढेच सांगावे की यातील प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ असा प्रश्न विचारा. हलाखीची कशावरून? घरात काय होते आणि काय नव्हते? आजी असमर्थ कशावरून? ती स्वयंपाक करते का, तिला दिसते का, रात्री मुलीजवळ कोण असते, शेजारी कोण राहते? मुलगी काय म्हणाली? शाळा का बुडली, भीतीमुळे, घरकामामुळे, की पाळी सुरू झाल्यावर शाळेत स्वच्छतागृह नाही म्हणून? अर्ध्या तासात फळा प्रश्नांनी भरतो. मग प्रकरणातील पुढचा कागद वाटावा, ज्यात गृहभेटीचे कच्चे टिपण असते: आजी मोतीबिंदूमुळे नीट पाहू शकत नाही, मुलगी सकाळी लहान भावाला सांभाळते, चुलती शेजारीच राहते आणि “रात्री माझ्याकडे झोपते” असे म्हणते, मुलीचे शब्द असे, “मला शाळेत जायचंय, पण भावाला कोण बघणार?”

आता प्रत्येकाने शिफारशीचा परिच्छेद पुन्हा लिहायचा. बहुतेक वेळा नव्या शिफारशीत बालगृहाचा उल्लेख राहत नाही. त्याऐवजी अंगणवाडी, आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, हंगामी वसतिगृह, चुलतीच्या घरी राहण्याची व्यवस्था आणि योजनेतून आर्थिक साहाय्य हे पर्याय पुढे येतात. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे, हे कायद्यातील तत्त्व गटाने स्वतःच्या हाताने लिहिलेले असते. प्रशिक्षकाने येथे व्याख्यान देण्याचा मोह आवरावा. त्याचे काम एवढेच की दोन परिच्छेद मोठ्याने वाचून घ्यायचे आणि समितीच्या जागी बसलेल्या तिघांना विचारायचे, “कोणत्या अहवालावर तुम्ही निर्णय देऊ शकाल?”

मुलाशी बोलण्याचा सराव

हे सत्र सर्वांत अवघड असते आणि नवे प्रशिक्षक ते टाळतात. तिघांचे गट करावेत: एक कार्यकर्ता, एक मूल आणि एक निरीक्षक. प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणात चौथा माणूस हवा, जो निरीक्षकाचे निरीक्षण करतो. संवाद सात मिनिटांचा असावा. निरीक्षकाने कागदावर मधोमध रेघ मारून एका बाजूला फक्त ऐकलेले शब्द आणि दिसलेल्या हालचाली लिहाव्यात आणि दुसऱ्या बाजूला स्वतःला काय वाटले ते लिहावे. संवाद संपल्यावर प्रथम कार्यकर्ता बोलतो, मग मुलाची भूमिका करणारा आणि शेवटी निरीक्षक. हा क्रम मोडू देऊ नये, कारण निरीक्षक आधी बोलला की इतर दोघे आपला अनुभव त्याच्या मतानुसार बदलून सांगतात.

निरीक्षकाने प्रतिक्रिया कशी द्यावी, हे या पाच दिवसांतील सर्वांत मोलाचे कौशल्य आहे. “तुमचा आवाज छान होता” या वाक्याने कोणाचेही काम सुधारत नाही. त्याऐवजी असे सांगता आले पाहिजे: “मुलगी ‘आजी ओरडते’ म्हणाली तेव्हा तुम्ही वहीत पाहून पुढचा प्रश्न विचारलात. त्यानंतर दोन मिनिटे तिने फक्त मान हलवली. पुढच्या वेळी तिथे पेन खाली ठेवून थांबून पाहा.” यात जे पाहिले ते आहे, त्याचा दिसलेला परिणाम आहे आणि करून पाहण्याजोगी एकच गोष्ट आहे. एकाच वेळी पाच सुधारणा सांगितल्या तर माणूस त्यांपैकी एकही करत नाही.

त्या समुपदेशक ताईंच्या प्रश्नासाठी आता मी एक छोटा सराव घेते. मुलाची भूमिका करणाऱ्याने तीन मिनिटे काहीही बोलायचे नाही. कार्यकर्त्याने प्रश्नांचा मारा न करता तेथे बसून राहायचे, गरज वाटली तर “तुला आत्ता बोलायचं नसेल तरी चालेल, मी इथेच आहे” एवढे म्हणायचे, कागद-रंग पुढे ठेवायचे. तीन मिनिटे किती मोठी असतात हे त्या खोलीत प्रत्येकाला कळते, आणि गप्प बसण्याची सवय नसलेले अनुभवी अधिकारीही चाळीस-पन्नास सेकंदांत प्रश्न विचारून मोकळे होतात, हे त्यांचे त्यांनाच दिसते.

काही गोष्टी मात्र प्रशिक्षकाने ठामपणे सांगितल्या पाहिजेत. “कोणालाही सांगणार नाही” असे वचन मुलाला कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सोच्या कलम १९ नुसार ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि दिलेले वचन मोडावे लागते. असे काही मूल सांगू लागले तर कार्यकर्त्याने तपशील खोदून काढू नयेत, जबाब नोंदवण्याचा प्रयत्न करू नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि पुढे काय होईल हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न मुलाला आरोपासारखे वाटतात. “तू घरातून का पळालास?” याऐवजी “त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, ते मला सांगशील?” असे विचारावे.

अत्याचाराच्या घटनेचे नाट्यीकरण या सत्रात कधीही करू नये. २४ प्रौढ माणसांच्या खोलीत स्वतः लहानपणी मार किंवा त्याहून वाईट काही सोसलेली माणसे असतात, हे गृहीत धरूनच चालावे. सत्राच्या सुरुवातीला सांगावे की कोणीही कारण न देता बाहेर जाऊ शकतो, एक समुपदेशक शेजारच्या खोलीत बसलेला असावा आणि सरावानंतर भूमिकेतून बाहेर येण्यासाठी प्रत्येकाने आपले खरे नाव आणि आज घरी जाऊन काय करणार हे मोठ्याने सांगावे. हे क्षुल्लक वाटते, पण ते वगळल्यामुळे एका ताईंना रात्रभर झोप लागली नव्हती हे मी पाहिले आहे. आणि खऱ्या मुलांना प्रशिक्षणात ‘उदाहरण’ म्हणून आणणे तर कोणत्याही सबबीवर मान्य करू नये.

कायदा शिकवताना

कायद्याचे सत्र आवश्यक आहे, मात्र ते प्रकरणांतून घ्यावे. वयनिश्चितीचे उदाहरण घ्या. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला आणि हे दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम आहे. प्रत्यक्षात मुलाला आधी रुग्णालयात पाठवले जाते. गटाला तीन मुलांची कागदपत्रे देऊन प्रत्येकाबाबत पहिले पाऊल कोणते, एवढेच विचारावे. पंधरा मिनिटांत जे समजते ते पडद्यावरील वीस पानांनी समजत नाही. असेच दुसरे प्रकरण मूल समितीपुढे हजर करण्याच्या २४ तासांच्या मुदतीचे आहे: धारणीजवळ सापडलेले मूल अमरावतीच्या समितीपुढे कसे आणि कधीपर्यंत न्यायचे, प्रवासाचा वेळ त्या २४ तासांत धरायचा का (धरायचा नाही), आणि त्या दिवशी समिती बसलेली नसेल तर एकट्या सदस्यापुढे मूल हजर करता येते, हे किती जणांना माहीत आहे.

प्रशिक्षकाची खरी जोखीम जुनी माहिती ही आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली आणि दत्तकविधानाचे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देऊ लागले. २००९ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेची जागा पुढे मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेने घेतली. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन, म्हणजेच १०९८ ही हेल्पलाइन, २०२३ पासून शासनाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तरीही २०१४ साली केलेल्या पीपीटी आजही पेनड्राइव्हमधून फिरत असतात. म्हणून प्रत्येक प्रशिक्षकाने कायदा व योजनांचे दोन पानी टिपण स्वतः तयार करावे, तळाशी तारीख टाकावी आणि दर सहा महिन्यांनी मूळ शासन निर्णयांशी पडताळावे. मिशन वात्सल्यातील प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल कुटुंबातच राहावे म्हणून दिले जाणारे, साहाय्य दरमहा ४,००० रुपये आहे आणि राज्याची बालसंगोपन योजना वेगळी आहे. या दोन योजनांची गल्लत कर्मचारी सर्वाधिक करतात आणि त्याचा फटका एकट्या पालकाने वाढवलेल्या मुलांना बसतो.

उत्तर ठाऊक नसेल तर प्रशिक्षकाने तसे स्पष्ट सांगावे, प्रश्न भिंतीवर लावलेल्या कागदावर लिहावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर द्यावे. या कागदासाठी सकाळची पंधरा मिनिटे राखून ठेवावीत.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. अधिनियमाचे मराठी भाषांतर अचूक असले तरी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (गुन्हा केल्याचा आरोप असलेले मूल) हा शब्द काळजीवाहक मावशींना समजावून सांगावा लागतो. प्रशिक्षकाने अशा २० संज्ञा निवडून त्या बोलीभाषेत समजावण्याचा सराव करावा. नंदुरबार किंवा मेळघाटातील कर्मचाऱ्यांना शिकवताना पावरी, भिली, कोरकू बोलणारे मूल समोर आले तर दुभाषा कोठून आणायचा, आणि तो मुलाच्या नात्यातला किंवा गावातील वजनदार माणूस नसावा, याची चर्चा व्हायलाच हवी.

चौथा टप्पा: सराव-अध्यापन

चौथ्या दिवशी प्रत्येक जोडीने २० मिनिटांचे सत्र घ्यावे आणि त्यावर १५ मिनिटे प्रतिक्रिया व्हावी. २४ जणांच्या १२ जोड्या होतात, म्हणून दोन खोल्यांत समांतर सराव चालवावा. प्रत्येक खोलीत एक अनुभवी प्रशिक्षक बसावा. विषय आदल्या दिवशी चिठ्ठी काढून द्यावा आणि अट एकच ठेवावी: सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलायचे नाही.

पाहणाऱ्यांच्या हातात एक छोटी यादी असावी. सूचना एकदाच सांगितल्यावर गटाला समजली का? कोणी बोलला नाही तेव्हा प्रशिक्षकाने काय केले? चुकीचे उत्तर आले तेव्हा उत्तर देणाऱ्याचा मान राखून ते दुरुस्त झाले का? वेळ संपत आला तेव्हा काय वगळले? या चार प्रश्नांपलीकडे जाऊ नये. गुण देण्याची पद्धत मी बंद केली आहे, कारण गुण दिसले की माणसे प्रतिक्रिया ऐकणे थांबवतात.

गटात एखादा वरिष्ठ अधिकारी असला आणि त्याच्यापुढे त्याच्याच कक्षातील क्षेत्रीय कार्यकर्ता बोलेनासा झाला, तर त्या दोघांना एका गटात ठेवू नये. पहिल्याच दिवशी हा नियम सर्वांसाठी जाहीर केला, तर कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. काही जण या दोन दिवसांत स्पष्टपणे मागे पडतात. त्यांना प्रमाणपत्र देऊन प्रशिक्षक म्हणून पाठवू नये. ते अहवाल तपासण्याचे किंवा प्रकरणे रचण्याचे काम उत्तम करू शकतात, आणि तसे त्यांना एकांतात, आदराने सांगावे. हे सांगणे टाळले की त्याची किंमत जिल्ह्यातील तीस कर्मचारी आणि त्यांच्याकडे येणारी मुले मोजतात.

पाचवा टप्पा: जिल्ह्यात गेल्यानंतर

नव्या प्रशिक्षकाने पहिले सत्र एकट्याने घेऊ नये. पहिल्या प्रशिक्षणात त्याने अनुभवी प्रशिक्षकासोबत दोन सत्रे घ्यावीत, दुसऱ्यात अर्धी, आणि तिसऱ्यात अनुभवी माणसाने मागे बसून फक्त टिपणे काढावीत. प्रवास खर्च आणि मानधनाची मंजुरी आधीच घेतलेली असावी, कारण या कारणाने सहप्रशिक्षण रद्द होते आणि सगळी साखळी तेथेच तुटते.

परिणाम मोजण्यासाठी अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या उपयोगी पडतात: प्रशिक्षण आवडले का, शिकले का, कामात बदल झाला का आणि त्याचा अंतिम परिणाम काय झाला. आपण पहिल्या पायरीवर, म्हणजे अभिप्राय-पत्रकावर थांबतो. तिसरी पायरी मोजणे तितके कठीण नाही. प्रशिक्षणापूर्वी वाचलेल्या दहा अहवालांच्या नोंदी प्रशिक्षकाकडे असतातच. प्रशिक्षणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्याच जिल्ह्यातील नवे दहा अहवाल, तशाच परवानगीने, त्याच तीन रकान्यांत वाचावेत. मुलाचे म्हणणे किती अहवालांत आले? शिफारशीत संस्थेखेरीज दुसरा पर्याय तपासल्याचे किती ठिकाणी दिसते? हे आकडे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना आणि समितीला एका पानावर द्यावेत, मात्र कोणत्याही कर्मचाऱ्याचे नाव त्यात येऊ देऊ नये. नावे आली की पुढच्या वेळी अहवाल दाखवले जात नाहीत.

बदल दिसला नाही तर प्रथम प्रशिक्षणाला दोष देऊ नये. एका सामाजिक कार्यकर्त्याकडे एकाच महिन्यात किती प्रकरणे आली, गृहभेटीसाठी वाहन मिळाले का, संगणक चालू होता का, हेही विचारावे आणि अहवालात लिहावे. शिकलेले वापरता येईल अशी परिस्थिती नसेल तर ती वरिष्ठांपर्यंत पोहोचवणे हेही प्रशिक्षकाचे काम आहे, असे मी मानते.

वर्षातून एकदा सर्व प्रशिक्षकांना दोन दिवस एकत्र आणावे. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या जिल्ह्यातून आणलेला, सर्व तपशील बदलून ओळख पुसलेला एक अहवाल आणि एक अडलेला प्रसंग मांडावा. दुसऱ्या दिवशी कायद्यातील वर्षभराचे बदल टिपणांत घालून घ्यावेत आणि दोन पानांवरची तारीख बदलावी. बाल संरक्षण कक्षांतील बहुतेक पदे कंत्राटी आहेत, त्यामुळे वर्षभरात काही प्रशिक्षक नोकरी सोडतात, काहींची कामे बदलतात. म्हणून प्रत्येक जिल्ह्याने तिसरा माणूस राखीव ठेवावा. त्याला आरंभापासून दोन प्रशिक्षणांत निरीक्षक म्हणून मागे बसवावे, अडीच तासांचे अहवालाचे सत्र त्याच्याकडून एकदा करून घ्यावे आणि प्रकरणांची फाइल, दोन पानी टिपण व जिल्ह्याच्या नोंदवहीची एक प्रत त्याच्या हवाली करून ठेवावी.